मैदान उघडायचे दिवस

दसरा झाला की गौरीचा फोन येतो. गौरी म्हणजे माझ्या भावाची मुलगी. नववीत आहे, आणि आमच्या गावच्या शाळेच्या खो-खो संघाची कप्तान आहे. फोनवर ती ख्यालीखुशाली विचारत नाही. "आत्या, मैदान उघडतोय आमी. येतीस का न्हाई?" एवढंच विचारते आणि मागून पोरींचा असा गलका ऐकू येतो की माझ्या 'हो'ची तिला गरजच उरत नाही.

मी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, कॉलेजात भूगोल शिकवते. त्या दिवसांत सहामाही परीक्षांचे पेपर टेबलावर पडलेले असतात. पण फोन ठेवला की पायांना शिवशिव सुटते. चाळिशी ओलांडलेली बाई मी, वर्गात खडू हातात घेऊन उभी असते आणि चपलेतल्या चपलेत पायाची बोटं रोवून बघत असते. समोरच्या मुलांना वाटतं, मॅडम मृदेच्या प्रकारांवर विचार करताहेत. एका अर्थी ते खरंच असतं.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. पावसाळ्यात शाळेचं मैदान बंद असतं. कुणी कुलूप लावत नाही, पण चार महिने तिथं गवत, तरोटा आणि गाजरगवत राज्य करतं. परतीचा पाऊस ओसरला, रानात ज्वारी पेरून झाली, की एका सकाळी पोरी खुरपी घेऊन येतात आणि मैदान उघडतात. 'उघडणं' हा आमच्याकडचाच शब्द. गवत उपटायचं, ढेकळं फोडायची, खड्डे भरायचे, पाणी मारायचं, दगडी रोलर ओढायचा, आणि शेवटी सुतळी ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायच्या. त्या सकाळच्या हवेला उपटलेल्या गवताचा हिरवा, किंचित कडू वास असतो. त्यात कुणाच्या तरी ओच्यातून निघालेल्या वाटाण्याच्या कोवळ्या शेंगांचा गोड वास मिसळतो. उन्हं वर यायच्या आत दवानं पावलं गार पडतात. मला वाटतं, मला कुणी डोळे बांधून वर्षभर फिरवलं आणि त्या सकाळी तिथं सोडलं, तरी मी नुसत्या तळपायांनी सांगेन की मैदान उघडायचे दिवस आलेत.

आमच्या वेळेपासून एक रीत आहे. मैदान उघडायच्या दिवशी प्रत्येक पोरीनं आपापल्या रानातली घमेलंभर माती आणायची. आमच्या खेळाच्या सरांनी ही रीत पाडली. कारण साधं होतं, मुरूम आणायला पैसे नव्हते. पण त्यातून भलतंच छान काही झालं. डोंगराकडच्या पोरी तांबडी, खडेरी माती आणायच्या, ओढ्याकडच्या पोयट्याची, माळावरच्या पांढरी. सगळी चाळून एकत्र पसरली की मैदान ठिगळांच्या गोधडीसारखं दिसायचं. "ए, माझ्या रानात बसलीस, ऊठ," असं म्हणून आम्ही एकमेकींना ढकलायचो.

त्यातलं एक वर्ष तर आठवलं तरी हसू येतं. संघातल्या एका मुलीच्या वडिलांची, तात्यांची, ओढ्याकाठी गावातली एकमेव काळीभोर जमीन होती. त्या वर्षी आमचा संघ तालुक्यात पहिला आला. तात्या इतके हरखले की त्यांनी घमेल्याची भानगडच ठेवली नाही. ट्रॉलीच्या ट्रॉली भरून काळी माती मैदानात ओतली. "पोरींनी काय भुरक्या मातीत पळावं? आपल्या गावात हाय तेवढी चांगली माती पोरींच्या पायाखाली पायजे!" सगळा गाव बघायला आला. ती माती हातात घेऊन म्हातारे माना डोलवत होते. सरांनी तोंड उघडलं होतं, पण समोर तात्यांचा चेहरा एवढा फुललेला की त्यांनी ते मिटून घेतलं.

आम्ही पाणी मारलं, रोलर फिरवला. मैदान तेल लावलेल्या तव्यासारखं चमकायला लागलं. आणि खेळ सुरू झाला. पहिल्याच धावेत माझ्या पायाला एवढा चिखल चिकटला की पाय उचलावा तर अर्धं मैदान बरोबर येईल. एक जण चौकोनातून उठायला गेली ती उठलीच नाही, बसलेली जागाच तिला सोडेना. "खो दिलाय गं, ऊठ की!" "अगं, मी उठलेय, पाय न्हाई उठत!" मग ऊन पडलं. पाणी आटलं आणि त्या चमकत्या मैदानाला भेगा पडल्या, पायाची बोटं आत जातील एवढाल्या. तात्या रोज संध्याकाळी येऊन कडेला उभे राहायचे आणि मान खाली घालून म्हणायचे, "कपाशी लावा आता हितं." शेवटी सगळ्या गावानं मिळून ती माती परत उचलली, आणि खाली मुरूम, वर चाळलेली तांबडी माती असं मैदान पुन्हा धरलं.

मी पुढे भूगोलाची पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिली पदवी. पण मातीचा पहिला धडा मला त्या चिखलात मिळाला. पिकाला पाणी धरून ठेवणारी माती लागते, खेळाला पाणी सोडून देणारी. चांगली माती अशी काही वस्तूच नसते. कशासाठी चांगली, ते आधी विचारावं लागतं. हे मी आजही वर्गात सांगते, आणि सांगताना मला तात्यांच्या ट्रॉलीचा धडधडाट ऐकू येतो.

त्या मैदानाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मोजून दाखवण्यासारखे नाहीत. दहावीनंतर माझं शिक्षण थांबणार, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. पण खेळाडू म्हणून नगरच्या वसतिगृहात जागा मिळाली तेव्हा वडील सरांना म्हणाले, "पळती तर पळू द्या तिला." त्या एका वाक्यावर मी आजवर पळते आहे.

यंदा गौरीचा फोन आला तेव्हा मात्र तिचा सूर निराळा होता. आनंदानं तिचा आवाज चिरकत होता. "आत्या, यंदा खुरपी न्हाई आणायची. आपल्याला टर्फ येतंय! हिरवंगार! सागरदादा देतोय."

सागर गावातलाच मुलगा, पुण्यात चांगल्या नोकरीला. त्यानं आणि त्याच्या मित्रांनी गावच्या शाळेसाठी काहीतरी मोठं करायचं मनावर घेतलं होतं. सगळ्या मैदानावर खडी दाबून बसवायची, त्यावर हिरवा कृत्रिम गवताचा गालिचा, त्यात काळे रबरी दाणे. खर्च सगळा त्यांचा. भाऊबिजेनंतर शाळेत बैठक होऊन होकार द्यायचा, की लगेच काम सुरू.

मला ते मैदान गालिच्याखाली गाडलेलं दिसायला लागलं. पण गौरीला ते कसं सांगायचं? तिच्या कोपरांवर खपल्यांचा थर आहे. सूर मारून गडी बाद करणं हा तिचा हुकमी डाव, आणि आमच्या मातीवर सूर मारला की कातडं तिथंच ठेवून यावं लागतं. शिवाय टर्फवर मऊ जमिनीचा सराव होईल, हे तिचं म्हणणं अगदी बिनतोड होतं. जिल्ह्याच्या निवड चाचण्या आता मॅटवर होतात. गेल्या वर्षी आमच्या पोरी तिथं गेल्या आणि पहिल्यांदाच मऊ, रबरी जमिनीवर बूट घालून पळताना अडखळत राहिल्या. वळताना पाय तिथंच रुतून बसायचा. "आमी वाईट खेळलो न्हाई आत्या," ती म्हणाली होती, "आमाला जमीनच कळली न्हाई."

तेव्हा माती म्हणजे सगळं चांगलं आणि प्लॅस्टिक म्हणजे सगळं वाईट, असं मला म्हणता येईना. दुष्काळाच्या एका वर्षी मैदानावर मारायला पाणी नव्हतं. प्यायलाच टँकर येत होता. तेव्हा धुळीनं पोरी खोकून बेजार झाल्या आणि सरांनी मैदान बंद ठेवलं. खरं गवत लावायचं म्हणावं, तर आमच्या पावसात हिरवळ पोसणं म्हणजे पोरींच्या तोंडचं पाणी गवताला पाजणं. आमच्याकडचं नैसर्गिक मैदान खेळायच्या दिवसांत हिरवं नसतंच. ते मातीच्या रंगाचं असतं, आणि चार महिने निजतं.

म्हटलं, आधी बघू या तर. दिवाळीच्या आधीच्या रविवारी सर, आमच्या वेळचेच, आता निवृत्तीला टेकलेले, सगळ्या पोरींना घेऊन एसटीनं नगरला आले आणि मी त्यांना एका टर्फवर घेऊन गेले. तिथं पोरं तासावर पैसे भरून क्रिकेट खेळतात. दुपारी ते रिकामं असतं, म्हणून आम्हाला दुपारची वेळ मिळाली. फाटकातून ते हिरवं दिसलं मात्र, पोरींनी एकदम "आई गंऽऽ" केलं. खरंच देखणं होतं. एक पान पिवळं नाही, एक खड्डा नाही.

आणि मग त्यांनी तेच केलं जे आमच्या गावची कुठलीही पोर करेल. फाटकापाशी चपला काढल्या, ओळीनं मांडल्या, आणि अनवाणी आत शिरल्या.

दोन पावलं गेल्या असतील. पुढची जी किंचाळून उडाली, ती मागचीच्या पायावर. मागची तिसरीच्या. बघता बघता सगळा संघ एका पायावर नाचत होता. ऑक्टोबरचं ऊन पिऊन ते गवत तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. तिथला देखरेख करणारा माणूस धावत आला. "अवो ताई, चपला घाला, चपला! ह्ये काय देऊळ हाय व्हय?"

"मैदान हाय," गौरी एका पायावर उभी राहून म्हणाली.

पण तिनं मैदानाच्या पाया पडायची रीत सोडली नाही. खाली वाकली, जमिनीला बोटं लावली आणि कपाळाला लावली. बाकीच्यांनीही लावली. वर बघितलं तर सगळ्यांच्या कपाळावर रबराचे बारीक काळे दाणे चिकटलेले. आधी एक खुदकन हसली, मग सगळ्याच. "आत्या, तीट लावली बघ टर्फनं आमाला."

त्या माणसानं नळी आणून पाणी मारलं. "उन्हाचं थंड करावं लागतंय, न्हाईतर कोन उभं ऱ्हातंय," असं म्हणाला. पाणी हिरव्यावरून सरळ वाहून कडेच्या गटारीत गेलं. मी जाऊन गटारीत बघितलं. तळाशी काळ्या दाण्यांचा जाड थर बसला होता, ओढ्यात वाळू बसते तसा. ती गटार पुढे नाल्याला मिळत होती. भिंतीमागे जुना काढलेला गालिचा गुंडाळून टाकला होता, कडा उसवलेला, हिरवे धागे वाऱ्यावर उडत होते. "ह्याचं काय करता?" मी विचारलं. "कोन नेतं गोठ्यावर टाकायला, कोन बांधावर. बाकी पडून हाय. भंगारवाला बी घेत न्हाई."

उन्हं कलली तसं टर्फ निवलं. मग मात्र पोरींना आवरणं कठीण झालं. गौरीनं लांबून पळत येऊन सूर मारला, घसरत गेली आणि उठून कोपर बघितलं. ओरखडा नाही! तिच्या तोंडावर जे हसू आलं, ते मला फार गोड वाटलं आणि फार अवघडही. एवढ्या आनंदाच्या आड आपण कुठल्या तोंडानं यायचं?

स्टँडवर परतताना ती माझ्या शेजारून चालत होती. पायाच्या बोटांमधून, केसांतून, कुर्त्याच्या शिवणीतून दाणे काढत होती आणि रस्त्यावर टाकायच्या ऐवजी मुठीत धरत होती. स्टँड आलं तेव्हा म्हणाली, "आत्या, आपल्या मैदानावरनं पाणी कुठं जातं गं?"

"कुठं जाईल? मुरतं. मैदानाच्या उताराला तुमच्या शाळेची विहीर आहे ना."

"आन् टर्फ टाकल्यावर?"

मी तिच्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं. एसटी आली.

भाऊबिजेला मी माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या ओसरीवर बैठक भरली. बाया, बापये, क्रिकेटवाली पोरं, आमचे सर, आणि मोठा टीव्ही घेऊन आलेला सागर. त्यानं पडद्यावर आमचीच शाळा हिरव्या मैदानासकट दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पोरगं मनापासून करत होतं.

मग मी उभी राहिले आणि माझं म्हणणं मांडलं. पाणी कसं मुरतं, खडी दाबली की जमिनीचा श्वास कसा कोंडतो, ते दाणे ओढ्यात कसे जातील, हिरवा धागा झिजून त्याची भुकटी कुणाच्या रानात पडेल. बोलता बोलता मी हातवारे करायला लागले, फळा शोधायला लागले. क्रिकेटवाल्यांतला एक जण मागून ओरडला, "म्याडम, घंटा झाली!" सगळे हसले. मलाही हसू आलं आणि मी खाली बसले. मनातून मात्र मी हलले होते. मैदान एकदा गेलं की गेलं. खाली खडी बसल्यावर पुन्हा खुरपं घेऊन कुणी उघडू शकणार नव्हतं.

सागर शांतपणे म्हणाला, "ताई, तुमचं बरोबर असेल. पण ज्यांना खेळायचंय त्यांना विचारू. गौरी, तू सांग. तुला टर्फ पायजे का न्हाई?"

गौरी उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "सागरदादा, टर्फवर खांब कुठं रोवायचा?"

"कसला खांब?"

"खो-खोला दोन खांब लागत्यात ना. खडीत कसा रोवणार? आन् रोवला तर क्रिकेटवाले मधी ठेवू देतील व्हय?"

क्रिकेटवाल्यांत चुळबुळ झाली. सागरनं पडद्याकडे बघितलं. त्या हिरव्या चित्रात खरंच खांब नव्हते.

"म्हणजे तुला नको?" त्याचा आवाज जरा पडला.

"मला मॅट पायजे," गौरी म्हणाली. "लई पायजे. चाचणी मॅटवर हाय. पण मला मैदान बी पायजे."

"दोन्ही कसं जमणार?"

"स्पर्धेत कसं करत्यात? आणत्यात, अंथरत्यात, खेळून झालं की उचलत्यात. खालची जमीन हाय तशी ऱ्हाती. पावसाळ्यात शेडमधी ठेवू. आमी उचलू, तुमाला न्हाई बोलवणार."

मग मागून एक बाई म्हणाली, "पोरगी बोलती ते खरं हाय. आन् इहिरीचं काय? फेब्रुवारीपर्यंत पुरती ती, तेवढीच हाय आपल्याकडं." तिच्यामागून दुसरी बोलली, मग तिसरी. जे मी तास घेऊन सांगितलं होतं, तेच आता सगळी ओसरी सांगत होती, आणि कुणी घंटा वाजवत नव्हतं.

सागर टीव्हीची वायर गुंडाळत होता. सर त्याच्याजवळ जाऊन बसले. तो म्हणाला, "सर, मला वाटलं होतं, गावाला हिरवं मैदान द्यावं. लहानपणी आम्ही लई धूळ खाल्ली."

"धूळ खाल्लीस म्हणून तर आठवण ठेवलीस," सर म्हणाले. "मॅट दे. आन् पाणी मारायला एक टाकी दे. पावसाचं पाणी पत्र्यावरनं टाकीत घेऊ, म्हणजे धूळ बी बसंल."

सागरनं गुंडाळलेली वायर बाजूला ठेवली. मग गौरीकडे बघून म्हणाला, "मॅटचा रंग तरी हिरवा चालंल ना?" आणि ओसरीवर हशा पिकला.

पोरींनी खुरपी आणून उशिरा का होईना मैदान उघडलं, आणि मागोमाग मॅट आली. मला ठाऊक आहे, तीही टर्फच्याच कुळातली, कधीतरी झिजेल आणि तिचंही काय करायचं हा प्रश्न येईल. पण ती सावलीत राहते, दाणे सांडत नाही, आणि मुख्य म्हणजे तिच्याखाली जमीन जिवंत असते. सध्या मिळालीय ती अर्ध्या मैदानापुरतीच. त्यामुळे आमच्या गावात सध्या जो खो-खो चालतो, तो जगात दुसरीकडे कुठंही नसेल. एका खांबापासून मध्यापर्यंत माती, मध्यापासून दुसऱ्या खांबापर्यंत मॅट. पळणारीला मध्यावर पाय बदलावा लागतो. मातीत बोटं रोवायची, मॅटवर टाच हलकी ठेवायची. पहिले काही दिवस पोरी त्या सांध्यावर धडाधड पडल्या. आता गौरी तिथून अशी जाते, की जमीन बदलतेय हे तिच्या पायांना आधीच कुणीतरी कानात सांगितलेलं असावं. चाचणी पुढच्या रविवारी आहे.

आज सकाळी मी गावी आले, ते नुसती बघायला. दव होतं. रानात ज्वारी गुडघ्याला लागलेली. सर शिट्टी तोंडात धरून उभे होते आणि संघात एक पोरगी कमी होती, तिच्या घरी कांदालागण होती.

"आत्या, बस," गौरी म्हणाली.

"अगं, माझं वय काय—"

"वयाला बस म्हणत न्हाई मी. तू बस."

मी चपला काढल्या. मातीच्या बाजूच्या चौकोनात, गार जमिनीवर हात टेकून बसले. शिट्टी झाली. कुणाचे तरी पाय धपधप करत माझ्यामागून गेले, पुन्हा आले. मॅटवरून येणारा आवाज बोथट, मातीवर आल्यावर खणखणीत. मला मान वळवायची परवानगी नव्हती आणि गरजही नव्हती. गौरी पळते आहे हे मला जमिनीतून कळत होतं. मी पायाची बोटं मातीत रोवली.

पाठीवर तिची थाप पडली.

"खो!"

आणि मी उठले.